जिमखान्याचा अल्बम आणि मारुती चौकातला फ्लेक्स

सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, शिकवणाऱ्या माणसाला कॉलेजात काय काय करावं लागतं, याची यादी कुठल्याही जीआरमध्ये सापडणार नाही. मी सांगलीतल्या एका कॉलेजात तासिकेवर कॉम्प्युटर शिकवते. २०२४च्या जुलैत प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावलं आणि चहा सांगितला. तासिकेवाल्याला चहा आला की समजायचं, काहीतरी गळ्यात पडणार. "मॅडम, जिमखान्याची वेबसाइट जरा बघाल का? फोटोबिटो टाकायचे असतात. आणि पीडी सर म्हणतायत, दोन-चार जाहिराती मिळाल्या तर पोरांच्या किटचा खर्च निघेल."

पीडी सर म्हणजे आमचे क्रीडा संचालक. तो 'फोटोबिटो' मी पुढे दोन मोसम निस्तरला.

साइट म्हणजे कॉलेजच्या मुख्य साइटला चिकटवलेली चार पानं. एका पानावर २०१७चे निकाल, दुसऱ्यावर जिमखाना समितीची यादी. त्यातले दोघे कधीच निवृत्त झालेले. 'फोटो गॅलरी' दाबलं की बारा रिकामे चौकोन यायचे. फोटो कुठे गेले हे कुणालाच सांगता येईना. ज्याने साइट केली तो माजी विद्यार्थी आता पुण्यात नोकरीला, आणि पासवर्ड त्याच्या जुन्या सिमकार्डाबरोबर गेलेला. पहिला महिना पासवर्डातच गेला. ते सगळं सांगत बसत नाही.

सप्टेंबरात शिवाजी विद्यापीठाच्या झोनल स्पर्धा सुरू झाल्या. पहिला अल्बम मुलींच्या खो-खोचा. फोटो काढायला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा होता. त्याच्या मामाचा लग्नाच्या फोटोंचा धंदा, तिथला जुना कॅमेरा घेऊन यायचा. पोरगा हुशार. खो-खोत शटर एक हजारांश सेकंदावर ठेवल्याशिवाय खांबाजवळचा सूर पकडता येत नाही, हे त्याला मी सांगायच्या आधीच माहीत होतं. त्याने १४० फोटो पेन ड्राइव्हवर दिले आणि मी रात्री बसून ते जसेच्या तसे चढवले. प्रत्येक फोटो आठ-साडेआठ एमबीचा. झोपताना ग्रुपवर लिंक टाकली. वाटलं, किल्ला सर केला.

सकाळी जतकडच्या एका खेळाडूचा मेसेज : "मॅडम अल्बम छान आहे पण पान उघडून ठेवलं आणि माझा आजचा नेटच संपला."

हिशेब केला. १४० गुणिले साडेआठ म्हणजे जवळपास बाराशे एमबी. पोरांचा रोजचा पॅक दीड जीबीचा. म्हणजे आपले खो-खोचे फोटो बघायचे असतील तर तिने त्या दिवशी दुसरं काही बघायचंच नाही. मी वर्गात दोन तास 'इमेज कॉम्प्रेशन' शिकवते, परीक्षेला पाच मार्कांची टीपही विचारते, आणि स्वतः मात्र ही अशी.

मग पद्धत बसवली. फोटोची लांब बाजू १६०० पिक्सेल, जेपेगची गुणवत्ता ७५ ते ८०, म्हणजे एक फोटो अडीचशे-तीनशे केबीत बसतो आणि मोबाइलवर डोळ्याला काही कमी दिसत नाही. पान उघडताना फक्त ४०० पिक्सेलचे छोटे फोटो, तीस-तीस केबीचे. तेही सगळे एकदम नाहीत. बोट खाली सरकेल तसे येतात. ज्याला मोठा हवा त्याने त्यावर दाबायचं. मूळ फोटो साइटवर ठेवायचेच नाहीत. ते जिमखान्याच्या हार्ड डिस्कवर आणि एक प्रत माझ्या घरी. घरी का, ते पुढे येईल.

एक गंमत राहिली. फोटो लहान करणाऱ्या पहिल्या सॉफ्टवेअरने फोटोतली 'कॅमेरा कसा धरला होता' ही नोंदच पुसून टाकली. उभे फोटो सगळे आडवे झाले. आमचा सगळा कबड्डी संघ एक दिवसभर साइटवर भिंतीवर चढल्यासारखा दिसत होता. पीडी सरांनी फोन करून विचारलं, "मॅडम, हे मल्लखांबाचं आहे का?"

पण खरं काम लहान-मोठं करण्यात नाही, निवडण्यात आहे. त्या १४० फोटोंत ६२ फोटो सत्काराचे होते. नारळ फोडताना, नारळ फोडून झाल्यावर, पाहुण्यांना शाल, पाहुण्यांच्या बरोबर आलेल्यांना शाल. सरांचं म्हणणं, पाहुण्यांचा फोटो पहिला पाहिजे, उद्या त्यांच्याकडेच जायचंय. पोरींचं म्हणणं, आमचा सूर मारतानाचा फोटो कुठाय? शेवटी तह झाला. एका अल्बमात फार तर ३५ फोटो, त्यात सत्काराचे दोन, आणि ते शेवटी. सरांनी तोंड वाकडं केलं, पण महिन्याभरात तेच म्हणाले की आता पोरं लिंक घरी पाठवतात.

फोटोखालच्या ओळींचं मी सुरुवातीला मनावर घेतलं नव्हतं. 'कबड्डी संघ, एक क्षण' असलं काहीतरी लिहायची. मग एकदा शहाणपणा करून नाव घातलं, आणि चढाईपटूला ज्या कोपरा रक्षकाने पकडलं होतं त्याच्या फोटोखाली चढाईपटूचंच नाव गेलं. तो रक्षक मुलगा ऑफिसबाहेर येऊन उभा राहिला. काही बोलेना. शेवटी म्हणाला, "मॅडम, पकडलंय मी, आणि नाव त्याचं." त्या दिवसापासून फोटोत दिसणाऱ्या नंबरावरून संघाच्या यादीत नाव शोधायचं, कॅप्टनला दाखवायचं, मगच टाकायचं. खेळ, सामना, तारीख, नाव, वर्ग आणि फोटो कुणी काढला, इतकं आलंच पाहिजे. आणि कुणी व्हॉट्सॲपवर फोटो पाठवणार असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायचा. नाहीतर तो वाटेत सुकतो, आणि कधी काढला ही नोंदही गळून जाते.

आता जाहिराती.

पीडी सरांच्या स्कूटरवर मागे बसून मी हरभट रोड, कापड पेठ, गणपती पेठ, विश्रामबाग असं सगळं पालथं घातलं. दर सरांनीच ठरवला : एका मोसमाला एका चौकटीचे तीन हजार. जागा तीन प्रकारच्या. वर आडवी पट्टी, कॉम्प्युटरवर ७२८ बाय ९० आणि मोबाइलवर ३२० बाय ५०. बाजूला ३०० बाय २५०ची चौकट. आणि अल्बमच्या खाली 'या अल्बमचे सहकार्य' अशी एक ओळ. दुकानदारांना मापं सांगून काही उपयोग नसतो. त्यांना फुटात कळतं. "दहा बाय चार करू का?" हा पहिला प्रश्न.

फ्लेक्सवाल्याकडून जाहिराती आल्या त्या कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरच्या फाइलमध्ये. दहा बाय चार फुटांच्या फ्लेक्सवर जे जे मावतं ते सगळं होतं : वर गणपती, मालकांचा फोटो, मालकांच्या वडिलांचा हार घातलेला फोटो, तीन फोन नंबर, पूर्ण पत्ता, 'आमची कोठेही शाखा नाही'. हे सगळं ३२० बाय ५०च्या पट्टीत घातलं तर मुंग्यांची रांग दिसते. वर मजकूर श्रीलिपीच्या जुन्या फाँटात टाइप केलेला. तो कॉपी करून साइटवर टाकला की 'क्रीडा साहित्य'च्या जागी नुसत्या इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी. मी प्रत्येक दुकानाचा मजकूर युनिकोडमध्ये पुन्हा टाइप केला आणि नियम केला : पट्टीत दुकानाचं नाव आणि चार शब्द, बस. बाकी सगळं दाबल्यावर दिसेल. एका मालकांनी हट्टच धरला, वडिलांचा फोटो पाहिजे. शेवटी दाबल्यावर उघडणाऱ्या पानावर वडील लावले. त्यांचं समाधान झालं. माझंही झालं म्हणा, कारण तो फोटो खरंच छान होता.

तेवढ्या पैशांत भागेना म्हणून मीच एक उपद्व्याप केला. आपोआप जाहिराती दाखवणाऱ्या एका सेवेचा कोड पानात टाकला. वाटलं, झाडाला आपोआप फळं लागतील. तिसऱ्या दिवशी एका पालकांनी स्क्रीनशॉट पाठवला. मुलींच्या कबड्डीचा फोटो, आणि त्याच्या बरोबर खाली रमी खेळा, पहिल्याच डावाला बोनस. कबड्डीतला बोनस आणि रमीतला बोनस एकाखाली एक. मी तो कोड तासाभरात काढला. तीन दिवसांची कमाई भडंगाच्या पुड्यालाही पुरली नसती. पुढे २०२५च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदीच घातली, पण आमच्या पानावरची बंदी त्याच्या आधीची. शिवाय आमच्याकडे अकरावी-बारावीचीही मुलं आहेत. २०२३चा डेटा संरक्षणाचा कायदा वाचला तेव्हा कळलं, अठरा वर्षांखालच्यांचा माग काढून त्यांना नेमून जाहिराती दाखवायला त्यात मनाई आहे. तो कोड नेमकं हेच करत असणार. मी तो बिनधास्त चिकटवला होता.

एका मसालेवाल्याने, म्हणजे पानमसालेवाल्याने, 'वेलची'ची जाहिरात देतो म्हणून दहा हजार देऊ केले. सर क्षणभर विचारात पडले, हे मी पाहिलं. दहा हजारांत अर्ध्या संघाचे बूट येतात. मग तेच म्हणाले, "नको. पोरं विचारतील."

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते.

नोव्हेंबरात आमच्याकडच्या एका चौकटीचा दुकानदार, व्यायामाचं साहित्य आणि प्रोटीनचे डबे विकणारा, त्याने आमच्या अल्बमातला एक फोटो उचलला. अकरावीतल्या मुलीचा. चढाई करून परत येताना मध्यरेषेवर हात टेकलेला, तोंडावर धूळ, डोळे मात्र लखलखीत. त्या मोसमातला सगळ्यात चांगला फोटो होता तो, त्यामुळे मी तो अल्बमाच्या तोंडावर ठेवला होता. दुकानदाराने त्याचा फ्लेक्स केला, मुलीशेजारी डबा ठेवला, वर लिहिलं 'ताकदीचं गुपित', आणि मारुती चौकात लावला. त्याला वाटलं, आपण पैसे दिलेत, फोटो आपल्या जाहिरातीच्या शेजारी होता, म्हणजे आपलाच.

मुलीला आधी माहीत झालं. मैत्रिणींनी फ्लेक्सखाली उभं राहून सेल्फी काढले, स्टेटसला ठेवले. ती खूश होती, हे मला तिनेच नंतर सांगितलं. वडील दोन दिवसांनी वाळव्याकडून पहिल्या एसटीने आले. आवाज चढवला नाही. पीडी सरांच्या टेबलासमोर उभे राहून म्हणाले, "सर, पोरीला खेळाय पाठवलीय. दुकानावर टांगाय न्हाई."

सर गप्प. मी गप्प. मुलगी दाराशी उभी होती, तिला रडू येत होतं, पण ते फ्लेक्स लागला म्हणून की वडील आले म्हणून, हे मला आजही सांगता येणार नाही. मला दोघांचंही पटत होतं, आणि तीच अडचण होती. तिचा चेहरा तिला चौकात बघायला आवडला, यात वाईट काय? पण तो डबा तिने कधी उघडलेलाही नव्हता. 'ताकदीचं गुपित' विचारलं असतं तर तिने भाकरी सांगितली असती. तिच्या तोंडून कुणीतरी भलतंच बोलत होतं, आणि ती सतरा वर्षांची.

मी आणि सर दुकानात गेलो. दुकानदार काही वाईट माणूस नव्हता. "मॅडम, पोरीची जाहिरातच झाली की फुकटात!" असं त्याला मनापासून वाटत होतं. मी सांगितलं की फोटो तुमचा नाही, आणि नीट बघितलं तर आमचाही नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे फोटो ज्याने काढला तो त्याचा पहिला मालक. कुणी पैसे देऊन काढून घेतला असेल तर गोष्ट वेगळी. आमच्या पोराला तर आम्ही वडापावसुद्धा दिला नव्हता. आणि चेहरा तर मुलीचाच. संध्याकाळपर्यंत फ्लेक्स उतरला. दुसऱ्या दिवशी फोटो काढणाऱ्या पोराने हळूच विचारलं, "मॅडम, म्हणजे मला पैसे मिळू शकले असते?" हसावं की काय करावं!

त्यानंतर कागद केले. जाहिरातदारांसाठी एक पान, साध्या मराठीत : तुम्हाला पानावरची चौकट मिळते, फोटो मिळत नाहीत. चौकट अल्बमाच्या आत, फोटोंच्या मध्ये येणार नाही. कुणाही खेळाडूच्या फोटोला लागून विकायच्या वस्तूचं चित्र येणार नाही. तंबाखू, दारू, जुगार आणि 'महिन्यात शरीर कमवा' घेतलं जाणार नाही. दुकानाच्या लिंकला 'प्रायोजित' अशी खूण आतून लावली, २०१९पासून गुगलने तशी सोय ठेवली आहे. म्हणजे शोधयंत्राला कळतं की ही शिफारस नाही, पैसे घेऊन दिलेली जागा आहे. वर माणसांना कळेल अशी 'जाहिरात' ही पाटीही लावली.

खेळाडूंसाठी दुसरा कागद, आणि त्यावर दोन वेगळ्या सह्या. एक, माझा फोटो साइटवर चालेल. दुसरी, जाहिरातीत चालेल. एकाच सहीत दोन्ही उरकायचं नाही, यावर मी अडून बसले. अठराच्या आतल्यांची सही पालकांची, आणि ती घेताना पालकांशी फोनवर बोलायचं. पहिल्या वर्षी तीन घरांतून साइटलाही नको आलं. मग त्या तिघींचे फोटो पाठमोरे : पाठीवरचा नंबर दिसतो, चेहरा नाही. त्यातलाच एक, खो देऊन वळतानाचा, मला आमच्या सगळ्या अल्बमांत सरस वाटतो. वाळव्याच्या त्या वडिलांनी पहिल्या जागी सही केली, दुसऱ्या जागी आडवी रेघ मारली. जोर लावून.

२०२५च्या नोव्हेंबरात भारतीय मुलींनी क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. उपकर्णधार स्मृती मानधना, म्हणजे सांगलीत वाढलेली. दुसऱ्याच दिवशी दोन जाहिरातदारांचे फोन : "स्मृतीचा फोटो टाका की आमच्या पट्टीत, आपलीच हाय की!" आपली आहे हे खरं. पण आपल्या अकरावीतल्या पोरीचा फोटो असा घेता येत नाही, तर तिचा कसा घेता येईल? मी अभिनंदनाच्या दोन ओळी लिहिल्या, फोटोविना, जाहिरातीविना. एक जाहिरातदार रुसला, पुढच्या मोसमाला आला नाही.

पैशांचं थोडक्यात. ऑफिसातले अकौंटंट काका प्रत्येक पावतीला एकच प्रश्न विचारायचे : "ही देणगी का जाहिरात?" मला वाटायचं काकांना काम वाढवायचंय. पण काका बरोबर होते. देणगीदाराचं नुसतं नाव कृतज्ञता म्हणून लिहिलं तर ते एक. त्याच्या धंद्याची माहिती, फोन नंबर आला की ती जाहिरातीची सेवा, आणि नोंदणी असेल तर तिथे १८ टक्के जीएसटी आला. २०१९च्या ऑक्टोबरातलं तसं एक परिपत्रकच काकांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलं होतं. तेव्हापासून साइटवरही 'देणगीदार' आणि 'जाहिरातदार' ही दोन वेगळी पानं.

आणि नॅक, म्हणजे कॉलेजांना दर्जाची श्रेणी देणारी संस्था! मी पोरांच्या फोटोंतून ठिकाणाची नोंद मुद्दाम काढून टाकते, कारण सरावाचं मैदान आणि मुलींची वेळ जगाला कशाला कळवायची? तर नॅकच्या समन्वयक मॅडमना प्रत्येक फोटो जिओटॅगचाच हवा, खाली नकाशा, अक्षांश-रेखांश छापलेला. आता पीडी सर एका हातात मोबाइल धरून नॅकसाठी फोटो काढतात आणि पोरगा कॅमेऱ्याने अल्बमासाठी. दोन फोल्डर. ते कधीही एकत्र करायचे नाहीत असं मी फोल्डरच्या नावातच लिहून ठेवलंय.

मूळ फोटोंची एक प्रत माझ्या घरी का, ते राहिलं. २०१९च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५ची. आमचा जिमखाना तळमजल्यावर. करंडक धुऊन पुसून परत कपाटात गेले, अल्बम आणि कॉम्प्युटर गेले ते गेले. साइटवरचे ते बारा रिकामे चौकोन म्हणजे काय, हे मला दुसऱ्या वर्षी उलगडलं : त्यांचे मूळ फोटो त्याच कॉम्प्युटरवर होते. म्हणून आम्ही जुन्या खेळाडूंना हाक दिली, तुमच्याकडे असतील ते फोटो द्या. कुणी लग्नाच्या अल्बमाच्या मागच्या खिशातून काढून आणले, कुणी देव्हाऱ्याशेजारच्या फ्रेममधून. काहींवर पुराच्या पाण्याची रेघ तशीच होती. स्कॅन करताना ती रेघ मी काढली नाही. आज साइटवर सगळ्यात जास्त उघडलं जातं ते हे पान, आणि इथे जाहिरात नाही. मागणी आहे. सर अधूनमधून विचारतात. मी 'बघू' म्हणते.

गेल्या महिन्यात हरभट रोडच्या साहित्यवाल्यांकडे नूतनीकरणाला गेलो. त्यांचं दुकान पहिल्या मोसमापासून आमच्याबरोबर. त्यांना मोसमाचा हिशेब छापून दिला : पट्टी इतक्या वेळा दिसली, इतक्या जणांनी दाबली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"एक्केचाळीस?"

"हो. एक्केचाळीस जणांनी लिंक दाबली."

"मॅडम, त्यातलं दहा-बारा वेळा तर मीच दाबलंय. चालू हाय का बघाय."

मी सरांकडे बघितलं. सर भिंतीवरच्या बॅटी बघत होते. मालकांनी गल्ल्यातून पाचशेच्या सहा नोटा मोजल्या आणि म्हणाले, "पावती जाहिरातीचीच करा. देणगी म्हटलं की घरात विचारत्यात."